वाचक विचारतात: गाठीत गर्दी कोणाची?

मागच्या अंकात लिम्फोमावर, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कॅन्सरवर, दोन पानं लिहिली आणि तेव्हापासून पत्रं थांबायचं नाव घेईनात. गंमत म्हणजे बहुतेकांना एकच गोष्ट विचारायचीय: बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशींशिवाय ज्या इतर पेशींची नावं असतात, मॅक्रोफेज, टी सेल वगैरे, त्या आपल्या बाजूच्या की त्यांच्या? सहा पत्रं घेतलीत, नावं गाळून आणि थोडी छाटून. एक आधीच सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे पेशंटचं तोंड न बघता त्याच्याबद्दल मत देणारी डॉक्टर, त्यामुळे औषध कुठलं घेऊ हे मला विचारू नका, स्लाईडवर काय दिसतं ते विचारा.

डॉक्टर मॅडम, माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. मानेत गाठ आली, बायोप्सीत क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा निघाला, स्टेज २. रिपोर्टमध्ये खाली एक ओळ आहे की आजूबाजूला भरपूर सीडी६८ पॉझिटिव्ह मॅक्रोफेज दिसतात. मी रात्री दोनपर्यंत नेटवर वाचत बसले, तिथे सरळ लिहिलंय की मॅक्रोफेज जास्त म्हणजे आजार वाईट. डॉक्टरांनी या ओळीबद्दल चकार शब्द काढला नाही. घरात मी अजून कोणाला बोलले नाहीये. किमो बदलून मागू का? (सांगली)

ताई, ती ओळ लिहिणारी माणसं माझ्याच धंद्यातली, म्हणून आधी तिचा अर्थ सांगते.

हॉजकिनची गाठ नवख्या माणसाला मायक्रोस्कोपखाली दाखवली तर त्याला कॅन्सर सापडतच नाही. शंभर पेशींत खरी कॅन्सरची पेशी एखाददुसरी, तिला रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, आकाराने दांडगी, दोन केंद्रकांची, घुबड डोळे वटारून बघतंय असं वाटावं अशी. बाकी सगळी गर्दी आपल्याच शरीरातल्या साध्यासुध्या रोगप्रतिकारक पेशींची. लग्नाच्या मांडवात नवरदेव एक आणि वऱ्हाडी शंभर, तसं. आणि हे वऱ्हाड उगाच जमलेलं नाही बरं का, रीतसर आवतण देऊन बोलावलेलं असतं. रीड-स्टर्नबर्ग पेशी टार्क नावाचं एक रसायन सोडत राहते आणि त्याच्या मागावर टी पेशी गाठीत येतात, तशाच वेगवेगळ्या निरोपांवर इओसिनोफिल येतात, प्लाझ्मा सेल येतात, मॅक्रोफेज येतात, आणि आलेले पाहुणे नवरदेवाची बडदास्त ठेवायला लागतात म्हणजे त्याला जगायला लागणारी रसायनं पुरवतात.

यातल्या मॅक्रोफेजचं काम खरं तर सफाईचं, मेलेल्या पेशी, जंतू, मोडतोड सगळं गिळायचं. सीडी६८ हे तिच्या पोटातल्या एका प्रोटीनचं नाव. त्याला चिकटणारी अँटिबॉडी स्लाईडवर टाकली की मॅक्रोफेज चॉकलेटी दिसतात आणि मग मोजता येतात.

तुम्ही रात्री जे वाचलंत त्याचं मूळ बहुतेक २०१० सालच्या एका पेपरात आहे. कॅनडात व्हँकुव्हरला ब्रिटिश कोलंबिया कॅन्सर एजन्सीत ख्रिश्चन स्टायडल, रँडी गॅस्कॉइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३० हॉजकिन पेशंटच्या गाठींतली जीन्स तपासली, ज्यांचा आजार उपचारांनी हटला आणि ज्यांचा हटला नाही त्यांच्यात फरक काय म्हणून. फरक जो ठळक दिसला तो नवरदेवात नव्हता, वऱ्हाडात होता, न हटलेल्यांच्या गाठीत मॅक्रोफेजच्या जीन्सचा आवाज मोठा होता. मग त्यांनी दुसऱ्या १६६ पेशंटच्या गाठींवर सीडी६८ चा साधा स्टेन लावला आणि तीन गट पाडले, ५ टक्क्यांच्या आत, ५ ते २५ टक्के, आणि २५ च्या वर. जसजसे मॅक्रोफेज वाढले तसतसा निकाल खराब होत गेला. इथपर्यंत तुम्ही वाचलंय.

पण त्याच पेपरात पुढे आहे की आजार मर्यादित टप्प्यात आणि मॅक्रोफेज कमी असे जे पेशंट होते त्यांच्यातलं हॉजकिनने कोणीच गेलं नाही, शंभर टक्के. आणि मॅक्रोफेज सगळ्यात जास्त असलेल्या गटातसुद्धा हॉजकिनला दहा वर्षं टक्कर देऊन टिकलेले निम्म्याहून जास्त होते. म्हणजे 'वाईट' हा शब्द तुलनेतला आहे. वर्गात खालच्या नंबरचा मुलगा नापासच झाला असं नसतं ना, तसं.

नंतर अमेरिकेतल्या एका मोठ्या ट्रायलच्या गाठी तपासल्या तेव्हा व्हँकुव्हरचंच म्हणणं खरं निघालं, ब्राझीलमध्ये तपासलं तर मॅक्रोफेज आणि निकाल यांचा काही संबंधच दिसला नाही. असं का होतं ते मोजायला बसलं की कळतं. मॅक्रोफेज ही गोल गोटीसारखी पेशी नाही, तिला सगळीकडून हातपाय फुटलेले असतात, आणि आम्ही बघतो तो तीन-चार मायक्रॉनचा काप, त्यात एकच पेशी तीन तुकड्यांत दिसू शकते, मग ती एक धरायची की तीन? सीडी६८ ची अँटिबॉडी एकाच जातीची मिळत नाही, एक जात मॅक्रोफेजवरच बसते, दुसरी आजूबाजूच्या आणखी काही पेशींवरही बसते. शिवाय गाठीच्या एका कोपऱ्यात मॅक्रोफेजची जत्रा आणि दुसऱ्या कोपऱ्यात शुकशुकाट हे तर रोजचंच. भावाच्या रिपोर्टमध्ये टक्के लिहिलेत का बघा. नसतील, 'भरपूर' लिहिलंय. भरपूर हे विशेषण आहे, आकडा नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही ही ओळ भविष्य सांगायला लिहीत नाही, निदान पक्कं करताना गाठीत जे जे दिसलं त्याची नोंद म्हणून लिहितो.

डॉक्टर गप्प का, याचंही उत्तर यातच आलं. हॉजकिनची किमो मॅक्रोफेज मोजून ठरत नाही. ती ठरते स्टेजवर, गाठ किती मोठी आहे त्यावर, ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं आहे का यावर, ईएसआरसारख्या रक्ताच्या तपासण्यांवर, आणि मुख्य म्हणजे साधारण दोन सायकल झाल्यावर जो पेट स्कॅन करतात त्यावर. त्या स्कॅनला १ ते ५ मार्क देतात, डोव्हिल स्कोअर म्हणतात त्याला, फ्रान्समधल्या ज्या गावी डॉक्टर मंडळी जमली होती त्याचं नाव. १, २, ३ आले तर साधारण गाडी रुळावर आहे असं धरतात, ४-५ आले तर औषध वाढवायचा किंवा बदलायचा विचार होतो. गाठ औषधाला कशी वागते हे गाठ स्वतःच सांगत असताना शेजारच्या मॅक्रोफेजची साक्ष कोण काढणार?

तेव्हा किमो बदलून मागू नका, त्यापेक्षा मधला पेट स्कॅन कधी आहे ते विचारा आणि ती तारीख चुकवू नका. आणि हे सगळं एकटीने घेऊन बसू नका हो, निदान भावाला तरी सांगा, रिपोर्ट त्याचा आहे.

माझ्या मिस्टरांच्या मानेला गाठी होत्या. सुईने पाणी काढून तपासलं आणि टीबी म्हणून एकेटी चालू केली. चार महिने औषध घेऊनही गाठी वाढतच गेल्या, मग मोठ्या गावात दाखवलं तर लिम्फोमा निघाला. पहिल्या डॉक्टरांना मॅक्रोफेज दिसले होते म्हणे. एवढी चूक होते? (नांदेड जिल्हा)

तुमच्या मिस्टरांच्या स्लाईड मी पाहिलेल्या नाहीत म्हणून चूक कोणाची हे बोलत नाही. पण हा गोंधळ होतो, आणि आपल्याकडे जास्त होतो कारण टीबी आपल्याकडे घराघरात आहे.

टीबीची गाठ म्हणजे मॅक्रोफेजचाच पुंजका असतो. हॉजकिनमध्येसुद्धा कधीकधी मॅक्रोफेज तसेच गोळा होऊन बसतात. सुईत येतात त्या चारदोनशे सुट्या पेशी, नेमका वऱ्हाडाचा घोळका सुईत आला आणि नवरदेव राहिला बाहेर, तर बघणाऱ्याने काय म्हणायचं? हा गोंधळ जुनाच आहे, १८९८ साली व्हिएन्नाचे कार्ल स्टर्नबर्ग यांनी या नवरदेव पेशींचं बारीक वर्णन केलं आणि हा टीबीचाच एक वेगळा प्रकार आहे असं लिहून मोकळे झाले, पेशीला नाव त्यांचंच राहिलं ते वेगळं. १९०२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला डोरोथी रीड नावाच्या तरुण डॉक्टरबाईंनी, आपल्या पेशंटच्या केसेस मांडून, चित्रं काढून सांगितलं की नाही, हा स्वतंत्र आजार आहे. म्हणून पेशीला दोघांचं नाव. मला विचाराल तर बाईंचं नाव आधी येतं हे बरोबरच झालं.

बाकी वाचकांसाठी एवढंच की टीबीचं औषध दोन महिने नीट घेऊनही गाठ वाढत असेल किंवा नवीन येत असेल तर सुईवर भागवू नका, अख्खी गाठ काढून तपासायला सांगा. काखेत-जांघेत अवधाण आलं आणि हाताची-पायाची जखम भरल्यावर बसलं त्याची गोष्ट वेगळी.

मी ६७ वर्षांचा, बँकेतून रिटायर. दीड वर्षापूर्वी फॉलिक्युलर लिम्फोमा निघाला, त्रास काही नाही म्हणून डॉक्टरांनी नुसतं लक्ष ठेवलंय. मुलगा अमेरिकेत, तो पेपर डाउनलोड करून पाठवत असतो. एका पेपरात लिहिलंय मॅक्रोफेज जास्त तर आयुष्य कमी. दुसऱ्यात लिहिलंय मॅक्रोफेज जास्त तर फायदा. तिसऱ्यात लिहिलंय काही फरक पडत नाही. हिशेबाच्या माणसाला हे पटत नाही, तिन्ही ताळेबंद बरोबर कसे असतील? (पुणे)

साहेब, बरोबर आहेत तिन्ही, फक्त तारखा बघा. तुमच्या भाषेत सांगायचं तर व्याजदर बदलला.

सुरुवात २००४ पासून करू. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधले लुई स्टॉट आणि त्यांच्याबरोबरच्या बऱ्याच देशांतल्या लोकांनी फॉलिक्युलरच्या १९१ पेशंटच्या, उपचार सुरू व्हायच्या आधी काढलेल्या गाठी घेतल्या, काही १९७४ सालच्या होत्या, आणि विचारलं की कोण किती जगलं हे कुठल्या जीन्सवरून सांगता येतं. सगळ्यांना वाटत होतं उत्तर बी पेशीत, म्हणजे या आजारात जी रोगप्रतिकारक पेशी कॅन्सरची होते तिच्यात, सापडेल. सापडलं शेजाऱ्यांत. टी पेशींच्या जीन्स जोरात असलेल्या गाठी बऱ्या, आणि मॅक्रोफेज किंवा त्यांच्यासारख्या पेशींच्या जीन्स जोरात असलेल्या गाठी वाईट. पेशंटचे चार गट केले तर सगळ्यात चांगल्या गटातले निम्मे लोक साडेतेरा वर्षांहून जास्त जगले, सगळ्यात वाईट गटातल्या निम्म्यांना चार वर्षंही मिळाली नाहीत. हे आकडे वाचून लगेच स्वतःला कुठल्या गटात बसवू नका, ते जुन्या औषधांच्या जमान्यातले आहेत, का सांगते ते पुढे येतंच.

पुढच्याच वर्षी व्हँकुव्हरवाल्यांनी ९९ पेशंटच्या गाठीत नुसत्या डोळ्यांनी मॅक्रोफेज मोजले. मायक्रोस्कोपच्या एका क्षेत्रात १५ पेक्षा जास्त असलेले पेशंट मोजकेच निघाले, पण त्यांचं आयुष्य बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी. हा तुमचा पहिला पेपर किंवा त्याचाच भाऊबंद. त्या पेशंटांना एकाच पद्धतीची किमो आणि रेडिएशन दिलेलं होतं, आणि रिटुक्सिमॅब दिलेलं नव्हतं. इथेच मेख आहे.

रिटुक्सिमॅब ही अँटिबॉडी, अमेरिकेत १९९७ च्या शेवटी मान्यता मिळाली, आता आपल्याकडेही फॉलिक्युलरला उपचार करायची वेळ आली की बहुतेकांना मिळते. ती काय करते, कॅन्सरच्या बी पेशीच्या अंगावर सीडी२० नावाचं जे प्रोटीन आहे त्याला जाऊन चिकटते. चिकटून थोडंफार काम ती स्वतः करते पण मोठं काम दुसऱ्यांकडून करून घेते, पेशीवर शिक्का मारते की हिला उचला. आणि उचलणार कोण? मॅक्रोफेज. म्हणजे जी पेशी कालपर्यंत गाठीत बसून कॅन्सरचं मीठ खात होती तिच्याच हातात आता वॉरंट दिलं. २००७ मध्ये हेलसिंकीच्या डॉक्टरांनी दाखवलं की रिटुक्सिमॅब आणि चॉप नावाची किमो मिळालेल्या पेशंटांत मॅक्रोफेज जास्त असलेल्यांचा आजार जास्त काळ दबून राहिला, आणि नुसती किमो मिळालेल्यांत बरोबर उलटं. हा तुमचा दुसरा पेपर. २००८ मध्ये फ्रेंचांनी त्यांच्या ट्रायलमधल्या गाठी मोजल्या, तर रिटुक्सिमॅब नसताना मॅक्रोफेज वाईट आणि असताना फरकच नाही. तो तिसरा.

एवढ्यावर थांबलं असतं तर सोपं होतं. २०१५ मध्ये कॅनडा आणि फ्रान्सच्या लोकांनी मिळून सीडी१६३ नावाच्या दुसऱ्या खुणेवर मॅक्रोफेज मोजले, सगळ्या पेशंटांना रिटुक्सिमॅब मिळालेलं, फक्त जोडीची किमो वेगळी. सीव्हीपी नावाच्या हलक्या किमोबरोबर मॅक्रोफेज जास्त तर निकाल वाईट, चॉपबरोबर मॅक्रोफेज जास्त तर निकाल चांगला! म्हणजे पेशी तीच, खूण तीच, एक औषध तेच, आणि जोडीचं औषध बदललं तर अर्थ उलटला. माझ्या मते या अख्ख्या विषयातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे आणि नेटवरच्या लेखांत ती नेमकी गळते. 'मॅक्रोफेज चांगले की वाईट' हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या लिम्फोमात, कुठल्या औषधाबरोबर, गाठीच्या कुठल्या भागात, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

कुठल्या भागात म्हटलं त्याचंही एक उदाहरण देते, मुलगा पुढचा पेपर हाच पाठवेल म्हणून. रेग्युलेटरी टी पेशी असतात, बाकीच्या टी पेशींना दम धरायला लावणाऱ्या, फॉक्सपी३ या खुणेने ओळखतात. बऱ्याच घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये या जास्त असणं वाईट धरतात, कारण त्या प्रतिकाराला लगाम लावतात. पण २००६ मध्ये बार्सिलोनाच्या लोकांनी फॉलिक्युलरमध्ये बघितलं तर या पेशी जास्त असलेले पेशंट उलट जास्त जगले. असं का, तर एक अंदाज असा की लिम्फोमा स्वतःच रोगप्रतिकारक पेशीचा कॅन्सर, त्यामुळे लगाम लावणारे त्यालाही लगाम लावत असतील. मग नंतर कळलं की नुसती संख्या नाही, त्या फॉलिकलच्या, म्हणजे गाठीतल्या पेशींच्या गोल पुंजक्यांच्या, आत बसल्यात की सगळीकडे पसरल्यात यानेही फरक पडतो. सोसायटीच्या मीटिंगला किती लोक आले यापेक्षा कोण कुठे बसलंय आणि कोणाशी कुजबुजतंय ते बघावं लागतं, तुम्ही कमिटीवर असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता तुमच्यापुरतं. तुम्हाला उपचारच सुरू नाहीत, त्यामुळे यातला कुठलाच पेपर आज तुम्हाला लागू नाही. नुसतं लक्ष ठेवणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, त्रास नसलेल्या फॉलिक्युलरला लगेच औषध देऊन आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही म्हणून थांबतात. गाठ पटकन वाढली, ताप-घाम सुरू झाला, वजन उतरलं, रक्तातलं एलडीएच चढलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता जा. आणि मुलाला सांगा पेपर पाठव पण त्यातल्या पेशंटांना औषध काय दिलं होतं ती ओळ पिवळी करून पाठव.

मॅम, मी कोल्हापूरला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या थर्ड इयरला आहे. हॉजकिनच्या गाठीत ९०-९५ टक्के पेशी इम्यून सिस्टिमच्याच असतात तर मग त्या उरलेल्या मूठभर कॅन्सरच्या पेशींना संपवत का नाहीत? आणि जर त्या काही कामाच्याच नसतील तर त्यांच्या संख्येवरून प्रोग्नोसिस कसा कळतो?

दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा भारी विचारलायस. थोडं लांबून सांगते, चालेल ना.

१८८२ साली मेचनिकॉफ नावाचा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीत मेसिनाला राहत होता. त्याने स्टारफिशच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि सकाळी बघितलं तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी घेराव घातलेला. तिथून भक्षक पेशींची कल्पना आली, १९०८ मध्ये नोबेल मिळालं. याच मेचनिकॉफचा ओडेसातला विद्यार्थी म्हणजे वाल्देमार हाफकिन, ज्याने १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्या नावाची. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर टाटा मेमोरियल आहे, जिथे रोज कुणी ना कुणी मॅक्रोफेज बघत बसलेलं असतं. असो, मला हे आठवलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर मेचनिकॉफच्या काट्याभोवती पेशी जमल्या आणि लढल्या. हॉजकिनमध्ये जमतात पण हात बांधलेले. टी पेशीच्या अंगावर पीडी-वन नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की ती शांत होते. ही सोय मुळात चांगल्यासाठी आहे, इन्फेक्शन संपल्यावरही मारामारी चालू राहू नये म्हणून. रीड-स्टर्नबर्ग पेशीत नवव्या क्रोमोसोमच्या एका तुकड्याच्या जादा प्रती तयार झालेल्या असतात, आणि ते बटण दाबणारं बोट, पीडी-एल१, त्याचं जीन नेमकं त्याच तुकड्यावर. म्हणजे बोटंच बोटं. त्यात आणखी भर अशी की तिच्या जवळ बसलेल्या मॅक्रोफेजसुद्धा पीडी-एल१ दाखवतात. शिवाय मारेकरी टी पेशींना ओळखपत्र दाखवायचं जे एमएचसी क्लास वन, ते बऱ्याच रीड-स्टर्नबर्ग पेशींनी फेकूनच दिलेलं असतं. ओळख पटत नाही आणि वरून गप्प बसवलंय, मग पोलीस चौकीसमोर चोराचं दुकान चालणारच.

हे बोट अडवलं तर काय होतं ते २०१५ च्या जानेवारीत छापून आलं. सगळे उपचार करून थकलेल्या २३ हॉजकिन पेशंटांना निव्होलुमॅब हे पीडी-वनचं बटण झाकणारं औषध दिलं, २० जणांच्या गाठी लक्षणीय कमी झाल्या. तेवीसपैकी वीस! तेव्हा आमच्या डिपार्टमेंटला तो पेपर हातोहात फिरला होता आणि आम्ही सगळे एकच म्हणत होतो, म्हणजे ती गर्दी कामाचीच होती तर, फक्त बटण कोणीतरी दाबून धरलं होतं. पीडी-वन शोधणारे तासुकू होंजो आणि अशाच दुसऱ्या बटणावर काम करणारे जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं.

आणि इथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गर्दीवरून कळतं ते गर्दी लढतेय म्हणून नाही, तर कॅन्सरच्या पेशीने कोणाला बोलावलंय आणि त्यांना काय करायला लावलंय हे गर्दीवरून दिसतं म्हणून. मॅक्रोफेज जास्त याचा अर्थ कधी असा असतो की ही पेशी मॅक्रोफेज खेचणारी रसायनं जोरात सोडतेय, कधी असा की गाठीत एपस्टाईन-बार व्हायरस आहे, त्या गाठींत मॅक्रोफेज जास्त आढळतात. मोठ्या बी पेशींच्या लिम्फोमातही असंच काहीसं २००८ मध्ये दिसलं, गाठीच्या जीन्समध्ये आधाराच्या जाळ्याची आणि मॅक्रोफेजची सही, म्हणजे ठसा, असेल तर निकाल बरा, नवीन रक्तवाहिन्यांची सही असेल तर वाईट. आता तर कुठली पेशी कोणाला चिकटून बसलीय याचे नकाशे काढतायत, हाताने मोजायचे दिवस गेले, कॉम्प्युटर मोजतो. आपल्याकडे करण्यासारखंही खूप आहे, आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून तयार केलेल्या नेक्सकार-१९ या उपचाराला २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मान्यता मिळाली, त्यात पेशंटच्याच टी पेशी काढून, बदलून परत सोडतात. एमएस्सीला इम्युनोलॉजी घेणार असशील तर कळव.

आईला लिम्फोमा आहे, किमो चालू आहे. गाठीत प्रतिकारशक्तीच्या पेशी असतात म्हणताय तर गुळवेलीचा काढा देऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर आजार लवकर बरा होईल का? शेजारचे रोज आणून देतात. (नागपूर)

देऊ नका. वरचं उत्तर वाचलंत तर लक्षात येईल की गाठीत पेशी कमी पडल्यात म्हणून आजार झालेला नाही, तेव्हा 'वाढवून' कोणाला वाढवणार, बडदास्त ठेवणाऱ्यांनाच? दुसरं म्हणजे २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेले सहा पेशंट नोंदवले होते, त्यावर पुढे बराच वाद झाला, पण किमो चालू असताना लिव्हर बिघडलं तर डोस पुढे ढकलावा लागतो आणि मग ते नक्की कशाने बिघडलं तेही कळत नाही. शेजाऱ्यांना वाईट वाटू नये म्हणून घेऊन ठेवा आणि कुंडीत घाला. आणि किमोत ताप १००.४ किंवा त्याच्या वर गेला तर काढाबिढा बघत बसू नका, रात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.

बाबांचा रिपोर्ट मुंबईला दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवायचाय. ते म्हणाले ब्लॉक घेऊन या. आमच्याकडे स्लाईड आणि रिपोर्टची फाईल आहे, त्याने भागणार नाही का? हॉस्पिटलवाले ब्लॉक देतात का? (जळगाव)

भागणार नाही. स्लाईड म्हणजे भाकरीचा एक पापुद्रा आणि ब्लॉक म्हणजे भाकरी. गाठीचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला असतो तो ब्लॉक, त्यातून नवीन काप काढून सीडी३, सीडी२०, सीडी३० असे स्टेन लावता येतात, तुमच्या जुन्या गुलाबी-जांभळ्या स्लाईडवर ते पुन्हा लावणं अवघड. वर ज्या अभ्यासांबद्दल लिहिलंय त्यातले बरेचसे असेच कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या ब्लॉकवर झालेत, नीट ठेवला तर ब्लॉक पंधरा-वीस वर्षांनीही बोलतो.

अर्ज दिला की लॅब ब्लॉक देते, सही घेऊन. किती ब्लॉक दिले ते आणि प्रत्येकावरचा नंबर रिपोर्टच्या नंबरशी जुळतोय ना, हे काउंटरवरच बघा, घरी येऊन नको. सगळे एकदम नेण्यापेक्षा शक्य असेल तर एखादा मूळ लॅबमध्ये राहू द्या, म्हणजे प्रवासात काही झालं तरी हातात काहीतरी उरतं. कडक डबीत कापूस घालून ठेवा आणि बॅगेत अंगाजवळ ठेवा. आणि मे महिन्यात जळगावहून गाडीने निघणार असाल तर डबी पुढे काचेपाशी ठेवू नका, मागे एका पेशंटच्या मुलाने अशीच आणली होती, उघडली तर सगळं मेण कापसात जिरलेलं.